माशासारखी शीर

रात्री साडेदहाच्या सुमारास दारावर थाप पडायची. आजी अंथरुणातूनच विचारायची, "कोन आहे?" बाहेरून उत्तर यायचं, "फायलेरियावाले, मावशी." भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात ही माणसं अधूनमधून यायची. एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या खांद्याला काचपट्ट्यांची पेटी. आम्हा पोरांना झोपेतून उठवून पडवीत ओळीने बसवलं जायचं. बोटाला टोचा बसायचा, रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरले जायचे, पट्टीच्या कोपऱ्यात नंबर पडायचा आणि माणसं पुढच्या घराकडे निघून जायची. आजीचा उजवा पाय हत्तीरोगाने गुडघ्याखाली खांबासारखा झाला होता. हात सगळ्यांत आधी ती पुढे करायची.

दिवसा का नाही येत, असं मी त्यांतल्या एकाला विचारलं होतं. घाईत असूनही तो थांबला आणि त्याने सांगितलं, की या रोगाच्या कृमींची पिल्लं दिवसभर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढच्या माणसापर्यंत नेणारा डास रात्री चावतो. याच बोटातून दुपारी रक्त काढलं तर पट्टी कोरी दिसेल. पुढे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा डीएमएलटी अभ्यासक्रम करताना पॅट्रिक मॅन्सनचं नाव वाचलं. चीनमधल्या अमॉय बंदरात काम करणाऱ्या या डॉक्टरने १८७०च्या दशकात या पिल्लांचं रात्रीचं येणंजाणं शोधून काढलं होतं. वर्गात बाकीच्यांना ते नवल वाटलं. मी ते आमच्या पडवीत आठव्या वर्षीच ऐकलेलं होतं.

इतक्या लवकर इतकी मोलाची गोष्ट कळूनही, नोकरीच्या पहिल्या बारा वर्षांत रक्त घेणं म्हणजे शिरेत सुई जाणं, एवढंच मी धरून चालले. आमच्या प्रयोगशाळेसमोर सकाळी आठला रांग लागायची आणि दुपारपर्यंत ऐंशी-नव्वद हात माझ्या टेबलावरून जायचे. पट्टा बांध, मूठ आवळायला सांग, शीर बघ, टोच, बल्ब भर, कापूस दाब, पुढचा. एका टोच्यात काम करणारी म्हणून वॉर्डातल्या सिस्टर मला निरोप पाठवायच्या. माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

मग एका दुपारी बायोकेमिस्ट्रीच्या डॉक्टर मॅडम एक रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. वॉर्डातल्या एका वयस्क गृहस्थांचं पोटॅशियम आठच्या वर आलं होतं. साडेतीन ते पाच हे त्याचं नेहमीचं घर. आठच्या वर म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं. वॉर्डात धावपळ सुरू झाली होती, ईसीजी निघाला होता, पण तो अगदी नॉर्मल होता. मॅडमनी त्याच नमुन्यातलं कॅल्शियम तपासलं. ते जिवंत माणसात असूच शकणार नाही इतकं खाली होतं. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "जांभळ्या बल्बमधलं रक्त लाल बल्बमध्ये ओतलंस का?"

ओतलं होतं. शीर पहिल्या टोच्यात मिळाली होती. जांभळा बल्ब काठोकाठ भरला, लाल बल्बला रक्त कमी पडलं, तेव्हा परत टोचण्यापेक्षा थोडं इकडचं तिकडे केलं. त्यांना दुसरा टोचा बसू नये, एवढाच माझा हेतू होता. पण जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं, पोटॅशियमचा क्षार. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणूनच त्या बल्बात रक्त गोठत नाही. मी त्या माणसाच्या रक्तात माझ्या हाताने पोटॅशियम घातलं होतं आणि त्याचं कॅल्शियम काढून घेतलं होतं. दुसरा नमुना घेतला, तो नीट निघाला. वॉर्डातल्या डॉक्टरांनी ईसीजीवर विश्वास ठेवून औषध थांबवून धरलं होतं, म्हणून ते आजोबा वाचले. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

तीन-चार महिन्यांनी नागपूरला रक्तसंकलनाचं पुढचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा मी स्वतः अर्ज केला. शिकवणारे सर निवृत्तीला आलेले तंत्रज्ञ होते. पहिले दोन दिवस त्यांनी आमच्या हातात सुई दिलीच नाही. डोळे मिटायचे आणि शेजारच्याच्या कोपराच्या खळगीत डाव्या हाताची तर्जनी फिरवायची. अंगठा वापरायचा नाही, त्याला स्वतःचा ठोका असतो आणि तो फसवतो. शीर दाबली की दबते आणि सोडली की फुगून वर येते. शेजारचा स्नायुबंध दोरीसारखा ताठ लागतो, दबत नाही. धमनी बोटाला ठोका देते. मी बारा वर्षं डोळ्यांनी शिरा शोधत होते, निळ्या रेषेच्या मागे जात होते. सरांचं म्हणणं असं, की निळी दिसणारी शीर पुष्कळदा वरवरची आणि बारीक असते, चांगली शीर खोल असते आणि ती बोटालाच कळते. कोपराच्या मधली शीर सर्वांत भरवशाची. अंगठ्याच्या बाजूची दुसरी. करंगळीच्या बाजूची जाड असली, हाताला छान लागत असली तरी शेवटी, कारण तिच्या जवळून मोठी धमनी आणि मज्जातंतू जातात. सुई टोचल्यावर रुग्ण बोटांपर्यंत करंट गेला म्हणाला तर त्याच क्षणी सुई बाहेर.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विल्यम हार्वेच्या १६२८ सालच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. दंडाला पट्टा बांधलेला हात, फुगलेल्या शिरा आणि त्यांच्यावर मध्येमध्ये छोट्या गाठी. या गाठी म्हणजे शिरांमधल्या झडपा. शीर बोटाने दाबून हार्वेने दाखवून दिलं होतं, की या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. रक्त शरीरात फिरतं याचा तो एक पुरावा होता. मी ते चित्र बराच वेळ बघत राहिले. रोज सकाळी ऐंशी वेळा जो हात माझ्यासमोर यायचा, तो तोच होता. त्या गाठी मला दिसत होत्याच, पण तिथे सुई घालायची नसते हे ठाऊक नव्हतं. झडपेपाशी सुई अडते, रक्त थांबतं, आणि आपण म्हणतो शीर फुटली.

सर सुश्रुताबद्दलही बोलले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सरावावर एक अख्खा अध्याय आहे. तिथे शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करायला सांगितला आहे. आणि शारीरस्थानात जिथे शिरावेध येतो, तिथे शिरांना माशांची उपमा आहे. त्या जात्याच चंचल असतात, हातातून सटकतात, म्हणून या कामात कुणी पुरता तयार होत नाही, असा त्याचा आशय. हे ऐकलं आणि मला आमचा तलाव आठवला.

आमच्या भागात जुने मालगुजारी तलाव आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की गुडघाभर चिखलात उतरून हातांनी मासे धरायचे. मी लहानपणी मासा दिसला की झडप घालायचे आणि तो बोटांमधून निघून जायचा. बाबा सांगायचे, "दाबू नोको. अडव." एक हात त्याच्या वाटेवर नुसता ठेवायचा, दुसरा सावकाश आणायचा. म्हाताऱ्या माणसांच्या हातात शिरा अशाच सटकतात. आतलं मांस आणि चरबी गेलेली असते, कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झालेली असते, शीर जाड दिसते पण तिला धरून ठेवायला आजूबाजूला काही उरलेलं नसतं. सुई टेकली की ती बाजूला सरते. अशा वेळी मी अधिक जोरात टोचायचे. आता डाव्या हाताचा अंगठा शिरेच्या दीड-दोन इंच खाली ठेवते, कातडी मनगटाकडे हलकी ताणते, शीर जागेवर थांबते, आणि सुई पंधरा अंशांत, जवळजवळ आडवी, सावकाश जाते. बाबांना हे सांगायला ते हवे होते.

त्या प्रशिक्षणातली मला सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट मात्र फार साधी होती. मी रोज प्रत्येकाला सांगायचे, "मूठ उघडझाप करा, उघडझाप करा." शीर फुगते हे खरं. पण दंडाला पट्टा बांधलेला असताना मूठ उघडझाप केली की स्नायूंमधून पोटॅशियम रक्तात उतरतं. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त राहिला तर रक्तातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं, मागे राहिलेलं रक्त दाट होतं आणि प्रथिनांचे, पेशींचे आकडे उगाच चढतात. बारा वर्षांत असे किती आकडे माझ्या हातून वर गेले असतील? कुणाची औषधं बदलली असतील? याचा हिशेब लागत नाही. तो न लागणं मला अजूनही छळतं. आता पट्टा बांधून शीर शोधते, सोडते, सगळं मांडून ठेवते, मग परत बांधते. मूठ एकदाच, हलकी. बल्बमध्ये रक्त यायला लागलं की पट्टा सुटतो.

बल्बचा क्रमही तिथेच पक्का झाला. कल्चरच्या बाटल्या पहिल्या, मग निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी साखरेचा राखाडी. एका बल्बचं औषध पुढच्यात जाऊन त्याचा आकडा बिघडवू नये, म्हणून हा क्रम. निळ्या बल्बमध्ये एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हवं, रेषेपर्यंत भरला नाही तर गोठण्याची तपासणी खोटी येते. जांभळा आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटायचा, गदागदा हलवायचा नाही. हलवला की पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर येतं. सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला तरी तेच, सुईतून बल्बमध्ये रक्त दाबून सोडलं तरी तेच. मी हा क्रम टेबलासमोरच्या भिंतीवर लावला आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीकडून तो पाठ करून घेते.

धमनीतून रक्त घ्यायला डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकलो. मनगटाशी ठोका धरायचा, आधी दुसरी धमनी हाताला रक्त पुरवते आहे ना ते पाहायचं, मग पंचेचाळीस अंशांत सुई. यातलं तंत्र पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेली गोष्ट नंतरची आहे. सुई काढल्यावर तिथे निदान पाच मिनिटं आपल्याच बोटांनी दाब धरायचा असतो. श्वास लागलेला माणूस, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि आपण त्याचा हात धरून पाच मिनिटं उभे. वॉर्डाच्या गर्दीत त्याच्याजवळ इतका वेळ सलग उभं राहणारं दिवसभरात दुसरं कुणी नसतं. मी त्यांच्याशी गावाबद्दल, धानाबद्दल बोलते. त्यांनी उत्तर द्यायचं नसतं, दम लागतो.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना मी पहिल्यांदा अक्षरशः घामाने भिजले होते. मुठीएवढं बाळ, अंगठ्याएवढी टाच. टोचा टाचेच्या मध्यभागी द्यायचा नाही, तिथे हाड अगदी जवळ असतं. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला द्यायचा आणि तोही २.४ मिलिमीटरपेक्षा खोल नाही. आधी कोमट कापडाने टाच तीन-चार मिनिटं शेकायची. पहिला थेंब पुसून टाकायचा, त्यात पेशींबाहेरचं पाणी मिसळलेलं असतं. दुसरा मोठा थेंब आपणहून टपोरा होऊ द्यायचा आणि गाळणकागदावरच्या गोलाला नुसता टेकवायचा. पिळायचं नाही. थायरॉइडच्या तपासणीसाठी हा थेंब शक्यतो जन्मानंतर अठ्ठेचाळीस तासांनी घेतात, कारण जन्मताच बाळाचं टीएसएच आपोआप उसळलेलं असतं आणि लवकर घेतलं तर निरोगी बाळही आजारी ठरू शकतं. पुन्हा तेच, फायलेरियावाल्यांनी सांगितलेलं: रक्त कधी घेतलं यावर सगळं ठरतं. आणि ज्या बाळाला जन्मतः थायरॉइड कमी असतं त्याला पहिल्या दिवसांतच गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी वाचते. एका थेंबावर एवढं अवलंबून असतं.

सरांनी एक सांगितलं, ते मी माझ्या वॉर्डात हट्टाने सुरू केलं. टाच टोचताना बाळ आईच्या छातीशी, दूध पिताना असावं. बाळ कमी रडतं, कमी दुखतं, हे तपासून पाहिलेलं आहे. पूर्वी आम्ही बाळ ट्रेमध्ये घेऊन दुसऱ्या खोलीत जायचो, आईला रडणं ऐकू यायला नको म्हणून. ती माऊली भिंतीपलीकडे बसून आणखी घाबरायची.

सिकलसेलच्या मुलांबद्दल सांगितल्याशिवाय मला हे पुरं करता येणार नाही. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत आहे. १ जुलै २०२३ला त्याच्या निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, तपासण्या वाढल्या, ते फार गरजेचं होतं. पण ज्यांचं निदान लहानपणीच झालेलं असतं, त्या मुलांच्या हातांकडे बघवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून सलाइन, रक्त चढवणं, रक्त काढणं. कोपराच्या शिरा टोचून टोचून सुतळीसारख्या कडक झालेल्या. एकदा दहा-बारा वर्षांची एक मुलगी आली. मी नियमाप्रमाणे दोन्ही कोपर तपासले, बोटाला काही लागेना. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, तिथं नोको. इथून निंगते." तिने डाव्या हाताच्या पंजाच्या मागे, अनामिकेच्या रेषेत एक जागा दाखवली. मी बोट ठेवलं. शीर होती, बारीक पण जिवंत. बटरफ्लाय सुई लावली, रक्त आलं. निर्वात बल्ब इतक्या बारीक शिरेतून रक्त एकदम ओढतो आणि शीर मिटते, म्हणून छोट्या सिरिंजने थेंबाथेंबाने घेतलं. तेवढा वेळ ती मुलगी हलली नाही.

तेव्हापासून सुई हातात घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, "मागच्या वेळी कुठून घेतलं होतं?" पुष्कळांना ठाऊक असतं. केमोथेरपी घेणाऱ्या बायका हात पुढे करण्याआधीच सांगतात, या बाजूचं ऑपरेशन झालंय, त्या हाताला टोचू नका. त्यांचं ऐकायचं असतं. हात खाली लोंबकळू द्यायचा, शेकायचा, अडचण नसेल तर पाणी प्यायला द्यायचं आणि दहा मिनिटांनी परत बघायचं. रांग थांबते, लोक चिडतात, तरी बघायचं. आणि दोनदा टोचून जमलं नाही तर सुई खाली ठेवून दुसऱ्याला बोलवायचं. मला हे सगळ्यांत कठीण गेलं. माझ्या हाताला यश आहे म्हणणाऱ्या बाईसमोर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान सहकाऱ्याला हाक मारताना घशात काहीतरी अडकायचं. पण तिसरा टोचा मी माझ्यासाठी मारत असते, रुग्णासाठी नाही, हे एकदा कबूल केलं आणि मग हाक मारता यायला लागली.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, असं मी आमच्या मुलींना दिवसातून चार वेळा सांगते. सुई थेट पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस झाल्याशिवाय टेबलावर बसायचं नाही. आणि टोचलंच तर लाजून गप्प राहायचं नाही, कारण एचआयव्हीपासून वाचवणारी औषधं शक्य तितक्या लवकर, बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. शरमेपोटी ते तास वाया घालवलेली मुलगी मी पाहिली आहे. तिचे पुढचे सहा महिने कसे गेले ते तिलाच ठाऊक.

आता उरली बल्बवरची नावाची चिठ्ठी. सगळं नीट झालं, शीर एका टोच्यात मिळाली, क्रम पाळला, बल्ब हलक्या हाताने उलटला, आणि त्यावर दुसऱ्याचं नाव लागलं, तर बाकी सगळ्याला अर्थ राहत नाही. रक्त चढवण्यासाठी गट तपासायला पाठवलेला बल्ब असेल तर माणूस दगावू शकतो. मी पूर्वी विचारायचे, "तुम्ही शांताबाई ना?" घाबरलेला, उपाशी, ऐकायला कमी येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. आता विचारते, "तुमचं पूर्ण नाव सांगा. वय सांगा." तो सांगतो, मी कागदाशी ताडून पाहते, रक्त घेते आणि तो खुर्चीत बसलेला असतानाच बल्बवर लिहिते. आधी लिहून ठेवलेले रिकामे बल्ब मी टेबलावर ठेवू देत नाही. नंतर लिहू म्हणून बाजूला ठेवलेले भरलेले बल्बही नाही.

तुम्ही कधी ना कधी आमच्यासारख्या कुणाच्या टेबलासमोर बसाल. हात कोणता चांगला ते सांगा, मागच्या वेळी त्रास झाला असेल तर तेही सांगा. कापूस दाबून धरा, चोळू नका. आणि आपल्या नावाची चिठ्ठी आपल्या डोळ्यांदेखत बल्बवर लागल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. मागे रांग कितीही मोठी असो.